सदुसष्ट खासदारांपुढे म्यानमारचे गाऱ्हाणे

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ४८ आणि राज्यसभेत गेलेले १९ खासदार

सन्माननीय महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीची. चौतीस वर्षे सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते, आता निवृत्त आहे. आमच्या कोकणात अडचण आली की ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात. नारळ ठेवायचा, नावगाव सांगायचे, काय घडले ते आडपडदा न ठेवता बोलायचे आणि काय हवे तेही स्पष्ट मागायचे. हे पत्र मी त्याच रीतीने लिहिते आहे. गाऱ्हाणे म्यानमारच्या लोकांचे आहे. त्यांच्यातले जे जीव मुठीत धरून आपल्या हद्दीत आले, त्यांना इथे मत नाही आणि खासदारही नाही. म्हणून ते इथल्याच कोणीतरी घालायला हवे.

आताच लिहायला बसले त्याला कारण आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. पासपोर्ट-व्हिसा नसताना देशात शिरलेल्या माणसाला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. त्याच्या जोडीला गृह मंत्रालयाने सवलतीचा आदेश काढला. त्यात नेपाळ आणि भूतानचे नागरिक आहेत, तिबेटी आहेत, ९ जानेवारी २०१५ पर्यंत नोंद झालेले श्रीलंकेचे तमिळ आहेत. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळामुळे आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती आहेत. या सगळ्यांना सवलत मिळाली याचा मला आनंदच आहे. पण यादी मी तीनदा वाचली. तिच्यात म्यानमार नाही. मिझोराममध्ये आलेले बहुतेक चिन (म्यानमारच्या पश्चिम डोंगरांतला एक वंश, चीन देश नव्हे) लोक ख्रिस्ती आहेत, आणि म्यानमारमधून पळालेल्या कितीतरी जणांचा धर्म बौद्ध आहे. छळ तोच, धर्मही यादीतलेच, फक्त देश यादीबाहेरचा.

हा कायदा तुमच्या दोन्ही सभागृहांनी २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये संमत केला. तुमच्यापैकी कोणी बाजूने मत दिले, कोणी विरोधात बोलले. मला आज तो हिशेब करायचा नाही. यादी सरकारच्या एका आदेशाने झाली, एका आदेशाने ती दुरुस्तही होऊ शकते. ते घडवण्याची खटपट तुम्ही करावी, एवढ्यासाठी हा कागद.

यात माझा काय संबंध, असे कोणी विचारील. ते आधी सांगते.

माझे लहानपण थिबा राजवाड्याच्या आसपास गेले. ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून उचलले आणि पुढच्या वर्षी आमच्या गावात आणून ठेवले. तो तीस वर्षे इथे राहिला आणि १९१६ साली इथेच गेला. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच मराठी बोलत म्हातारी झाली. इकडे १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा टिळकांना नेले ते मंडालेला. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. म्हणजे सहा वर्षे अशी गेली, की मंडालेचा राजा आमच्या गावात कैदी आणि आमच्या गावचा माणूस मंडालेत कैदी. राजवाडा १९१० साली बांधून पुरा झाला, आणि त्याच हिवाळ्यात मंडालेच्या कोठडीत टिळक शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहीत होते. पत्नी गेल्याची तार त्यांना तिथेच मिळाली. ज्या कलम १२४ अ खाली त्यांना शिक्षा झाली, ते कलम इंग्रजांनी ब्रह्मदेशातही ठेवले होते. ते तिथे अजून आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराने ते आणखी कडक केले. आपण टिळकांच्या खटल्याची वाक्ये शाळेत पाठ करतो, आणि त्याच कलमाखाली आज मंडालेची पोरे आत जातात.

दुसरी आठवण २०१६ ची. १६ डिसेंबरला थिबाला जाऊन शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने त्याच्या समाधीवर म्यानमारहून पाहुणे आले. त्यांत तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष मिंट स्वे होते आणि सेनाप्रमुख मिन आंग लाइंग होते. परक्यांनी हिसकावून नेलेल्या राजाला त्याच्या देशाने शंभर वर्षांनी मान दिला, याचे आम्हा रत्नागिरीकरांना भरून आले होते. पुढे चार वर्षांनी, १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे, लष्कराने राष्ट्राध्यक्ष विन मिंट आणि आंग सान सू ची यांना अटक केली. मिंट स्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या सहीने सगळी सत्ता मिन आंग लाइंग यांच्या हाती गेली. तीच दोन माणसे. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत सू चींच्या पक्षाने ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या. लष्कराने गैरप्रकारांचा आरोप केला, निवडणूक आयोगाने तो फेटाळला, आणि नव्या संसदेची पहिली बैठक व्हायची त्याच दिवशी रणगाडे आले.

तिसरा संबंध माझ्या पेशाचा आहे, आणि तोच मला सर्वांत जवळचा.

या सत्तापालटाविरुद्ध पहिल्यांदा कामावर बहिष्कार टाकला तो सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी. दुसऱ्याच दिवसापासून. छातीवर लाल फीत लावून ते बाहेर पडले. त्यांच्यामागून शिक्षक गेले, रेल्वेचे कामगार, बँकांतले कारकून, वीज खात्यातली माणसे गेली. यांगूनमध्ये (जुने रंगून) रेल्वे कामगारांची वसाहत बंदुकीच्या धाकाने रिकामी करवली, चूलबोळकी डोक्यावर घेऊन बायका बाहेर पडल्या. रोज रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी वाजत. तिकडे घरातली पीडा हाकलायला भांडी बडवतात, तीच जुनी रीत लोकांनी लष्करासाठी वापरली. बायकांनी आपल्या लुंग्या दोरीवर टांगून गल्ल्यांच्या तोंडाशी बांधल्या. बाईच्या वस्त्राखालून गेले की पुरुषाचे तेज जाते, अशी तिथली समजूत. शिपाई ती वस्त्रे काढल्याशिवाय पुढे सरकेनात. विटाळाचे जोखड काय असते हे इथल्या बाईला वेगळे सांगायला नको. त्या बायकांनी त्याच जोखडाची ढाल केली.

परिचारिकेने काम सोडावे का, या प्रश्नावर मी रात्र रात्र विचार केला आहे. आम्हाला शिकवलेच आहे, की रुग्ण टाकून जायचे नाही. पण त्यांनी रुग्ण टाकले नाहीत. लष्कराच्या हुकमतीखालची रुग्णालये सोडली आणि मठांत, चर्चमध्ये, लोकांच्या ओसरीवर फुकट दवाखाने मांडले. त्यासाठी त्यांना पकडले गेले. २०२१ च्या जुलैत करोनाची लाट आली तेव्हा लष्कराने प्राणवायूच्या खासगी विक्रीवर बंधने घातली. आपण त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिलिंडरसाठी रांगा पाहिल्या होत्या. त्या रांगेत कोणी बंदूक घेऊन आडवा उभा राहिला असता तर, एवढा विचार करून पाहा.

२०२२ च्या हिवाळ्यात मी काही स्वयंसेवकांबरोबर मिझोरामच्या चम्फाई जिल्ह्यात सहा आठवडे राहिले. सीमेवर तियाउ नदी आहे, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडता येते. ताडपत्रीच्या छावणीत एक चिन परिचारिका दवाखाना चालवत होती. वय तिशीच्या आत. तिची नोंदवही मी चाळली, तर रुग्णांची पूर्ण नावे कुठेच नाहीत, नुसती आद्याक्षरे. वही चुकून लष्कराच्या हाती लागली तर नावांवरून पलीकडच्या घरांपर्यंत माग काढतील, म्हणून. दुसऱ्या एका माणसाचे टाके मी काढले. तो पोलीस शिपाई होता. जमावावर गोळी घालायचा हुकूम मिळाला, त्याने घातली नाही आणि त्याच रात्री चालू लागला. तो मला म्हणाला, “तुमच्याकडे मला काय म्हणतात? गुन्हेगार?” मला उत्तर देता आले नाही. आज, नवा कायदा हाती घेऊन, ते अधिकच देता येत नाही.

आता गाऱ्हाणी मांडते.

पहिले, आणि सर्वांत मोठे, हेच. मार्च २०२१ मध्ये असे पोलीस सीमा ओलांडून यायला लागले तेव्हा म्यानमारच्या फलाम जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी चम्फाईच्या उपायुक्तांना पत्र लिहिले, की मैत्रीच्या संबंधांखातर आमचे आठ पोलीस परत करा. १० मार्चला आपल्या गृह मंत्रालयाने ईशान्येच्या चार राज्यांना आणि आसाम रायफल्सला लिहिले, की लोंढा रोखा, कोणाला निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही. मणिपूर सरकारने तर निवारा आणि जेवणाच्या छावण्या उघडू नका असे फर्मान काढले. तीन दिवसांत ओरड झाली तेव्हा ते मागे घेतले. मिझोराम मात्र अडून राहिले. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी केंद्राला कळवले, की हे आमच्या रक्ताचे लोक आहेत, आम्ही त्यांना लोटणार नाही. यंग मिझो असोसिएशन या तिथल्या सामाजिक संघटनेची पोरे घरोघर तांदूळ गोळा करत. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षाही कमी लोकसंख्या असलेल्या त्या राज्याने तीस हजारांहून जास्त माणसे पोसली. पदरमोड करून. पुढे मणिपूरने २०२४ च्या मार्च ते मे महिन्यांत ७७ जणांना म्यानमारमध्ये परत पाठवले. परत म्हणजे कोणाकडे? ज्या राजवटीने फेब्रुवारी २०२४ मध्ये १८ ते ३५ वर्षांच्या पुरुषांना आणि १८ ते २७ वर्षांच्या स्त्रियांना सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू केला, तिच्याकडे.

मणिपूर उच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी दिलेला निकाल तुम्ही मुद्दाम वाचावा. मानवी हक्कांच्या वकील नंदिता हक्सर यांच्या अर्जावर न्यायालयाने म्यानमारहून आलेल्या सात जणांना दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत सुखरूप जाऊ द्यायला सांगितले. घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे, आणि जिथे जीव जाईल तिथे त्याला ढकलायचे नाही हे त्या हक्कातच येते, असे न्यायालयाने म्हटले. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही हे मला ठाऊक आहे. पण घटना तर आपलीच आहे. ती लिहिणारे बाबासाहेब १९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते.

दुसरे गाऱ्हाणे आपल्या मौनाचे. २७ मार्च २०२१ रोजी म्यानमारची राजधानी नेपिडोमध्ये सैन्यदिनाचे संचलन झाले. त्याच दिवशी देशभर शंभराहून जास्त नागरिक गोळ्यांनी मारले गेले, त्यांत मुले होती. त्या संचलनाला आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते. एक भारताचा. त्या वर्षी १८ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने म्यानमारकडे जाणारी शस्त्रे रोखा असे ११९ मतांनी सांगितले. भारत तटस्थ. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने हिंसा थांबवा, कैद्यांना सोडा असा ठराव केला. बारा मते बाजूने. चीन आणि रशियाबरोबर भारत तटस्थ. त्याच्या पाच महिने आधी चार राजकीय कैद्यांना फाशी दिल्याचे लष्कराने जाहीर केले होते, त्यांत १९८८ च्या लोकशाही आंदोलनातले को जिमी आणि माजी खासदार फ्यो झेया थॉ होते. तुमच्यासारखाच निवडून आलेला एक माणूस, महोदय. तुमच्या सभागृहात त्यावर किती वेळ चर्चा झाली?

१९८८ साली आपण असे नव्हतो. तेव्हा आकाशवाणीची बर्मी सेवा आंदोलकांची बाजू सांगत होती, आणि मिझोराम-मणिपुरात पळून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी सरकारनेच छावण्या उघडल्या होत्या.

तिसरे गाऱ्हाणे शस्त्रांचे. मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी अहवाल दिला, की सत्तापालटानंतर म्यानमारच्या लष्कराला किमान एक अब्ज डॉलर किमतीची शस्त्रे आणि सामग्री मिळाली. मोठा वाटा रशिया, चीन आणि सिंगापूरमधून गेला. भारतातून गेलेला माल ५ कोटी १० लाख डॉलरचा, आणि पुरवठादारांत सरकारी मालकीच्या कंपनीचेही नाव. तो अहवाल येण्याच्या महिनाभर आधी, ११ एप्रिल २०२३ ला, सगाईंग प्रांतातल्या पाझिगी गावात लोक एका कार्यालयाच्या उद्घाटनाला जमले असताना विमानांनी बाँब टाकले. १६० हून जास्त माणसे गेली. १० डिसेंबर २०२५ ला राखाइन प्रांतातल्या म्राउक-ऊ गावच्या रुग्णालयावर हवाई हल्ला झाला, तीसहून अधिक मेले. रुग्णालयावर. ही बातमी वाचल्यावर मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. त्या विमानांत भारतीय सुटा भाग होता असा माझा दावा नाही. पण नव्हता, हे सरकारने सभागृहात सांगावे एवढे तरी आपण मागू शकतो.

इथे एक गोष्ट नमूद करते, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. पापडाचा जो उडीद आपण बाहेरून आणतो तो बहुतेक म्यानमारहून येतो, आणि वरणाची काही तूरही. २०२१ च्या जूनमध्ये, सत्तापालटाला पाच महिने होत नाहीत तोच, वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार झाला. हा व्यापार बंद करा असे मी म्हणणार नाही. ती डाळ पिकवणारा शेतकरी सगाईंग-मागवेचाच आहे, ज्याचे गाव जाळले गेले तोच. पण त्या पैशातला किती वाटा लष्कराच्या हातातल्या बँकांत अडकतो, याची चौकशी तर व्हावी.

चौथे कुंपणाचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने सीमेवरची मुक्त ये-जा रद्द करण्याचे आणि १,६४३ किलोमीटर सीमेला कुंपण घालण्याचे जाहीर केले. सुरक्षेची काळजी खोटी नाही, मणिपूर किती होरपळले ते आपण पाहिले. पण जानेवारी २०२३ मध्ये तियाउच्या काठी बाँब पडले तेव्हा जीव वाचवायला बायका-मुले जिकडे धावली, ती दिशाच कुंपणाने बंद होते.

पाचवे रोहिंग्यांचे. यावर बोलले की लोक तोंड फिरवतात, तरी बोलते. २०१७ साली याच लष्कराने सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना बांगलादेशात पळवून लावले. त्यांतले काही आपल्याकडे आले. मे २०२५ मध्ये दिल्लीतून नेलेल्या चाळीसएक रोहिंग्यांना अंदमानच्या समुद्रात उतरवून पोहत जायला लावले, असा आरोप झाला आणि संयुक्त राष्ट्रांनी त्याची चौकशी सुरू केली. खरे काय, ते सरकारने सांगायला हवे होते.

आता जे मला सर्वांत मनापासून सांगायचे आहे तिकडे येते. आपल्याकडे म्यानमारची बातमी म्हणजे बंडखोर, अफू आणि घुसखोर. तिथे शांतता उभी करणारे लोक आहेत, हे कोणी सांगत नाही.

त्या देशात युद्ध २०२१ साली सुरू झाले नाही. १९४७ च्या फेब्रुवारीत पांगलाँग गावी स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि सू चींचे वडील आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांना समान हक्कांचा शब्द दिला. पाच महिन्यांत आंग सान यांचा खून झाला. शब्द पाळला गेला नाही, १९४९ पासून पूर्वेकडचे करेन वंशाचे लोक लढत आहेत, १९६२ साली ने विन यांनी सत्ता घेतल्यावर एकामागून एक डोंगर पेटले. त्यानंतरच्या वर्षांतच ब्रह्मदेशातल्या लाखो भारतीयांना अंगावरच्या कपड्यानिशी हाकलले गेले. या सगळ्या काळात शहरांतला बर्मी बहुसंख्य समाज बहुतांशी गप्प राहिला. रोहिंग्यांच्या वेळी तर सू ची स्वतः हेगच्या न्यायालयात लष्कराची बाजू मांडायला गेल्या. मी त्यांना देवी मानत नाही.

पण २०२१ मध्ये काहीतरी हलले. शहरांतल्या तरुणांनी रोहिंग्यांची उघड माफी मागितली. तुमच्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा आम्ही विश्वास ठेवला नाही, आज त्याच आमच्यावर झाडल्या जात आहेत, असे. मार्च अखेरीस संघराज्याची सनद पुढे आली, एप्रिलमध्ये वेगवेगळ्या वंशांचे प्रतिनिधी घेऊन लष्कराविरोधी समांतर राष्ट्रीय एकता सरकार झाले, आणि जूनमध्ये त्या सरकारने १९८२ चा नागरिकत्व कायदा बदलून रोहिंग्यांना हक्क देण्याचे वचन दिले. करेन्नी प्रांतात २०२३ साली लोकांनी हंगामी कार्यकारी मंडळ बनवले. तिथले पोलीस दल बंडात सामील झालेल्या पोलिसांनी उभे केले आहे, ज्यांनी आपल्याच लोकांवर बंदूक रोखायला नकार दिला त्यांनी. संपावर गेलेले शिक्षक जंगलात आणि फोनवर शाळा चालवतात. काचिन प्रांतातल्या मिचिनामध्ये शिपायांपुढे गुडघे टेकून “पोरांना मारू नका, मला मारा” अशी विनवणी करणाऱ्या सिस्टर ॲन रोज यांचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. तिथली शांतता अशाच माणसांच्या हातून घडते आहे. चर्चेच्या टेबलावर जनरलसाहेबांची खुर्ची कुठे ठेवायची, हा प्रश्न तिच्यात फार नंतरचा आहे.

यातले सगळे निर्मळ नाही, हेही लिहिलेच पाहिजे. २०२१ मध्येच प्रतिकाराने शस्त्र घेतले. खबरी असल्याच्या संशयावरून काही ठिकाणी नागरिक मारले गेले. राखाइनमध्ये लष्कराशी लढणाऱ्या अराकान आर्मी या सशस्त्र संघटनेवर रोहिंग्यांच्या छळाचे गंभीर आरोप आहेत. ज्यांनी केले त्यांना जाब द्यावा लागेल. पण २०२१ पासून लष्कराच्या हातून मेलेल्यांची मोजता आलेली संख्याच सात हजारांहून अधिक आहे आणि घरदार सुटलेले तीस लाखांवर. दोन्ही बाजू सारख्याच, असे म्हणणे म्हणजे ज्याच्याकडे विमाने आहेत त्याची बाजू घेणे.

दिल्लीतले जाणकार सांगतात, की आपली सीमा लागून आहे, चीन टपून बसला आहे, जो सत्तेत असेल त्याच्याशी बोलावेच लागते. मग सत्तेत कोण आहे ते तरी नीट पाहा. चिन प्रांताचा बहुतेक भाग लष्कराच्या हातून गेला आहे. राखाइनमधल्या १७ पैकी १४ तालुक्यांवर अराकान आर्मी बसली आहे. मिझोरामला म्यानमारच्या सित्त्वे बंदराशी जोडणारा, आपल्या पैशाने होत असलेला कलादान मार्ग ज्या पलेत्वामधून जातो, ते जानेवारी २०२४ पासून त्यांच्याकडे आहे. आणि २८ डिसेंबर २०२५ पासून जानेवारी अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने जी निवडणूक झाली, तिच्यात सू चींचा पक्ष आधीच विसर्जित केलेला, साठाहून अधिक तालुक्यांत मतदानच नाही, निवडणुकीवर टीका करणेही गुन्हा, आणि पाव जागा घटनेनेच लष्करासाठी राखीव. जिंकला लष्कराचाच पक्ष. त्याआधी चार महिने चीनमधल्या तियानजिनमध्ये पंतप्रधान मोदी मिन आंग लाइंग यांना भेटले आणि निवडणूक सर्वसमावेशक व्हावी अशी अपेक्षा भारताने सांगितली. झाली का ती तशी? हे विचारणे आता तुमचे काम आहे.

माझ्या मागण्या अशा.

सवलतीच्या आदेशात १ फेब्रुवारी २०२१ नंतर म्यानमारहून आलेल्यांचा समावेश व्हावा, धर्म आणि वंश न पाहता. त्यांना तात्पुरते ओळखपत्र मिळावे. मिझोराममध्ये २०२५ पासून त्यांचे बोटांचे ठसे घेतले जात आहेत. ती माहिती म्यानमारच्या राजवटीला कधीही दिली जाणार नाही, हे गृहमंत्र्यांनी सभागृहात लेखी सांगावे. आद्याक्षरांची ती वही मी विसरू शकत नाही.

कोणालाही बळजबरीने परत पाठवू नये. रोहिंग्यांनाही नाही.

म्यानमारच्या लष्कराला गेलेल्या सामग्रीची २०२१ पासूनची यादी तारांकित प्रश्न विचारून मागावी आणि पुढचा पुरवठा थांबवावा.

त्या निवडणुकीतून आलेल्या राजवटीला जनतेचे सरकार म्हणू नये. राष्ट्रीय एकता सरकार आणि चिन, करेन्नी, काचिन प्रतिनिधींना परराष्ट्र व्यवहारांच्या संसदीय स्थायी समितीपुढे बोलावून ऐकावे.

मार्च २०२५ च्या भूकंपात आपण मंडालेला मदत पाठवली, बरे केले. आता औषधे आणि लसी मिझोराममधून सीमेपलीकडच्या लोकांच्या दवाखान्यांपर्यंत थेट जाऊ द्याव्यात, आणि मिझोराम सरकारला त्यासाठी केंद्राने पैसे द्यावेत.

आणि निर्वासितांसाठी एक कायदा करावा. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी आश्रयाबद्दल खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. महाराष्ट्रातल्या कोणा एकाने, कोणत्याही पक्षाच्या, ते काम पुन्हा हाती घ्यावे.

इगतपुरीच्या धम्मगिरीत दरवर्षी हजारो मराठी माणसे दहा-दहा दिवस विपश्यनेला बसतात. ती विद्या गोयंका गुरुजींनी ब्रह्मदेशातून, ऊ बा खिन यांच्याकडून आणली. मुंबईतला गोराईचा पॅगोडा यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडावरून बांधला. आपण त्या देशाकडून इतके घेतले आहे, त्याची परतफेड म्हणून तुमच्याकडे मी फक्त शून्य प्रहरातली तीन मिनिटे मागते आहे.

या पत्राची प्रत तुम्हा प्रत्येकाच्या दिल्लीच्या आणि मतदारसंघातल्या पत्त्यावर मी स्पीड पोस्टाने पाठवत आहे. सोबत मणिपूर उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत जोडली आहे. ज्यांना चम्फाईला जाऊन छावणी स्वतः पाहायची आहे, त्यांच्याबरोबर मी स्वखर्चाने यायला तयार आहे. पावसाळ्याआधी निघावे लागेल, नंतर त्या रस्त्यावर दरडी पडतात.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
रत्नागिरी